‘आहे तेच पोहोचवा’ म्हणण्याआधी

दर पावसाळ्यात मेळघाट किंवा नंदुरबारमधल्या बालमृत्यूंची बातमी येते आणि पाठोपाठ ठरलेला वाद रंगतो. एका बाजूचं म्हणणं असतं की उपाय सगळे ठाऊक आहेत. डॉक्टर, औषधं आणि गाडी वेळेवर द्या, आणखी संशोधन कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा एकूण सूर. दुसरी बाजू नवी यंत्रं, मोबाइलवरची अ‍ॅप्स आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांची नावं घेऊन उत्तर देते. दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: संशोधन म्हणजे नवं शोधणं आणि सेवा म्हणजे जुनं वाटणं. माझ्या मते इथेच वाद फसतो. माता-बाल आरोग्यात गेल्या तीस वर्षांत उपयोगी पडलेलं बरंचसं संशोधन जुन्याच औषधांवर आणि साध्याच कृतींवर झालेलं आहे. ही गोष्ट कुणाच्या हातून, कोणत्या ठिकाणी, किती वेळात केली तर जीव वाचतो आणि कुठे केली तर जातो, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर न शोधता जे वाटलं जातं, त्याला सेवा म्हणायला मी तयार नाही.

तरीही पहिल्या बाजूचं म्हणणं मुळीच हलकं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणं 39 टक्क्यांच्या आसपास होती. 2019-21 मध्ये ती 89 टक्क्यांजवळ गेली. भारतात 2004-06 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 254 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 97, महाराष्ट्रात 33. या घसरणीत रस्ते, मुलींचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय, रुग्णवाहिका आणि रक्तपेढ्या यांचा वाटा कोणत्याही एका औषधापेक्षा मोठा असणार. मॅग्नेशियम सल्फेट घ्या. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या बाईला झटके येण्याचा धोका या औषधाने निम्म्याहून अधिक घटतो, हे 2002 साली ‘मॅगपाय’ चाचणीने दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर दाखवलं. औषध स्वस्त आहे. झटके आलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवण्याआधी दहा ग्रॅमची मात्रा द्यायची, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, स्नायूत खोल. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दहा अँप्युल फोडाव्या लागतात. ट्रेमध्ये चारच असतील, किंवा सिस्टरने ते इंजेक्शन आयुष्यात कधी दिलंच नसेल, तर जगातलं कुठलंही संशोधन त्या बाईच्या कामाचं नाही. इथवर माझा वाद नाही.

वाद आहे तो ‘सगळं ठाऊक आहे’ या वाक्याशी. 2014 साली केंद्र सरकारने उपकेंद्रांतल्या परिचारिकांना, म्हणजे एएनएम सिस्टरांना, काही महिन्यांच्या अंतराने दोन अधिकार दिले. पहिला, जंतुदोष झालेल्या तान्ह्या बाळाला विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याचा. दुसरा, अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला पुढे पाठवताना बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची पहिली मात्रा देण्याचा. कागदावर दोन्ही निर्णय सारखेच दिसतात: जुनं, स्वस्त, सिद्ध झालेलं औषध, आता उपकेंद्राच्या पातळीवर. पण दोन्हींच्या पाठीशी असलेला पुरावा अगदी वेगवेगळ्या ठिकाणचा होता.

जेंटामायसिनमागे गडचिरोली होती. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी नुसती मोजदाद केली. 1995-96 मध्ये खेड्यांतल्या 763 नवजात बालकांची घरी जाऊन नोंद ठेवली, तेव्हा 54 टक्क्यांना वैद्यकीय उपचारांची गरज होती असं दिसलं. डॉक्टरने पाहिलेली बालकं होती 2.6 टक्के. (बाळ डॉक्टरपर्यंत जात नाही हे सगळ्यांना ‘माहीत’ होतं, किती जात नाही हे मोजेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.) मग 39 गावांत तिथल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं: वजन, तापमान आणि श्वास मोजणं, ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुदोषाची ठरवून दिलेली लक्षणं जुळली तर इंजेक्शन. 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या हिशोबाने 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या बालकांपैकी दगावणारी 16.6 टक्के होती, ती 2.8 टक्क्यांवर आली. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याआधी गावातल्या बाईने तान्ह्याला सुई टोचायची ही कल्पना किती डॉक्टरांनी ऐकून घेतली असती? आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. देशभर 2011 पासून चालू असलेल्या या भेटींचं मूळ त्या 39 गावांत आहे. मुद्दा असा की जेंटामायसिनचा पुरावा जिथे ते वापरायचं तशाच घरांतून, तशाच हातांतून आलेला होता.

डेक्सामेथासोनची गोष्ट उलटी. तिची सुरुवात न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर झाली. ग्रॅहम लिगिन्स यांना दिसलं की स्टेरॉइड दिलेलं, खूप आधी जन्मलेलं कोकरू जगायला नको इतकं अपुरं असूनही त्याची फुफ्फुसं थोडीफार फुगलेली होती. 1972 मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी ऑकलंडच्या रुग्णालयात 282 मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. श्वास सोडल्यावर फुफ्फुसातले सूक्ष्म फुगे चिकटून मिटू नयेत म्हणून लागणारा पदार्थ या औषधाने लवकर तयार होतो आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचतं. पुढच्या चाचण्यांनी तेच सांगितलं, तरी हे औषध सर्रास वापरात यायला 1994 नंतरची वर्षं उजाडावी लागली. ‘आहे ते पोहोचवा’ म्हणणाऱ्यांचं हे आवडतं उदाहरण, आणि रास्तही. वीस वर्षं पुरावा हाताशी असून बाळं जात राहिली.

म्हणून मग ते गावपातळीवर न्यायचं ठरलं. सुदैवाने कुणीतरी आधी तपासायचंही ठरवलं. सहा देशांत, सुमारे एक लाख बाळंतपणांवर ही ‘ॲक्ट’ चाचणी झाली. त्यात नागपूर आणि बेळगाव या दोन ठिकाणांचा ग्रामीण भाग होता. निष्कर्ष 2014 च्या ऑक्टोबरमध्ये आला, म्हणजे आपला आदेश निघून काही महिने होत होते तेव्हा. ज्या अगदी लहान बाळांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्या मृत्यूत फरक पडला नाही. आणि सगळ्या बाळांचा हिशोब केला तर औषध पोहोचवलेल्या भागांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू हजारी 27.4 होते, न पोहोचवलेल्या भागांत 23.9. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. नेमकं कुठे बिनसलं याची कारणं वाचताना कुठलंही उपकेंद्र डोळ्यांसमोर आणावं. शेवटच्या पाळीची तारीख पक्की आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नाही, पोटाची उंची टेपने मोजून महिना ठरवायचा. असा अंदाज चुकतो आणि औषध मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं तितकी अपुरी नसतातच. पूर्ण दिवसांच्या बाळाला स्टेरॉइडचा फायदा काही नाही. वर हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. आईला आधीच जंतुसंसर्ग असेल तर तो पसरू शकतो. आणि खरोखरच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नुसती बरी फुफ्फुसं पुरत नाहीत, त्याला ऊब, श्वासाला दाबाचा आधार आणि नळीने दूध लागतं, ते जन्माच्या ठिकाणी नव्हतं.

मग औषध टाकून द्यायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली, ‘ॲक्शन’. यात भारतासह पाच देशांतली 29 रुग्णालयं होती. दिवस सोनोग्राफीने पक्के केलेले, आईला संसर्ग नाही याची खात्री, प्रसूती 48 तासांत होण्याची शक्यता आणि बाळाची देखभाल करू शकणारा विभाग जवळ. सहा मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, जास्तीत जास्त चार मात्रा. 2020 मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. औषध तेच, मात्रा तीच, पण एका ठिकाणी जीव गेले आणि दुसऱ्या ठिकाणी वाचले. ‘हे सिद्ध झालंय, फक्त पोहोचवा’ या वाक्याचं आता काय करायचं? सिद्ध झालेलं होतं ते ऑकलंडमध्ये.

हा एखादाच अपवाद म्हणावा, तर उत्तर प्रदेशातली ‘बेटरबर्थ’ चाचणी पाहा. तिथे औषधाचाही प्रश्न नव्हता. हात धुणं, ग्लोव्हज, रक्तदाब, रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, बाळाचं तापमान अशा 28 कृतींची यादी प्रसूतिकक्षात लावली आणि आठ महिने प्रशिक्षकांनी येऊन सिस्टरांना ती अंगवळणी पाडायला मदत केली. 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून अधिक माता आणि बालकं. हे सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा यादी मिळालेल्या केंद्रांत 73 टक्के कृती होत होत्या, इतरत्र 42 टक्के. म्हणजे ‘पोहोचवणं’ यशस्वी झालं. पण मृत्यू आणि गंभीर आजार मिळून धरलेलं प्रमाण 15.1 आणि 15.3 टक्के, फरक नाहीच. तपासणीविना ही योजना राबवली गेली असती तर सगळ्या अहवालांत ती यशस्वी ठरली असती, सत्कारसमारंभ झाले असते. यादी वाईट नव्हती; ज्या गुंतागुंतींत जीव जातो त्यांना लागणारं कौशल्य, रक्त, शस्त्रक्रिया आणि पुढे पाठवण्याची सोय यादीने मिळत नव्हती. हे कळायलाही चाचणीच लागली.

याच्या उलट, नीट विचारलेला साधा प्रश्न कुठवर जातो हे पाहायला बेळगाव गाठावं. प्रसूतीनंतर अर्धा लिटर रक्त गेलं की अतिरक्तस्राव समजायचा, हे पुस्तकात आहे. पण अर्धा लिटर गेलं हे ओळखायचं कसं? रक्त चादरीत मुरतं, टेबलाखाली ओघळतं, गर्भजलात मिसळतं. आणि अनुभवी डोळासुद्धा कमीच सांगतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात बाईच्या खाली खुणा आखलेली प्लॅस्टिकची पिशवी अडकवून मोजमाप केलं, तेव्हा नजरेचा अंदाज मोजलेल्या रक्तापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी निघाला. त्याच जिल्ह्यात ग्रामीण भागातल्या एएनएमनी बाळ जन्मताच गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडावाटे दिल्या. 1620 स्त्रियांवरच्या, 2006 सालच्या त्या चाचणीत अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. ऑक्सिटोसिन अधिक चांगलं, हे खरं. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि भारनियमनाच्या गावात फ्रिज कुठला? गोळीला फ्रिज लागत नाही. पुढे 2017 मध्ये ‘वुमन’ चाचणीने वीस हजार स्त्रियांवर दाखवलं की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत शिरेतून एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध, दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू 1.7 वरून 1.2 टक्क्यांवर येतात. तीन तास उलटले की लाभ नाही. हे औषध जपानमध्ये उटाको आणि शोसुके ओकामोटो यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेलं. पन्नासहून अधिक वर्षं ते होतंच, बाळंतिणींवर मोठ्या प्रमाणात तपासलं नव्हतं इतकंच. आणि 2023 मध्ये आफ्रिकेतल्या 80 रुग्णालयांत खुणांची पिशवी आणि उपचारांचा एकत्रित संच जोडला गेला: पिशवीत ठराविक खूण ओलांडली की वाट न पाहता गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी, सगळं एकदम. पूर्वी एक करून पाहायचं, थांबायचं, मग दुसरं. दोन लाखांहून अधिक प्रसूतींत गंभीर परिणामांचं प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्के झालं. या साखळीत एकही नवं औषध नाही. तरी यातली कोणती कडी संशोधनाशिवाय जुळली असती?

इतिहासात डोकावलं तर चांगल्या हेतूने केलेल्या हानीची उदाहरणं नवजात बालकांच्या विभागात सगळ्यात जास्त सापडतात. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुक्तहस्ताने ऑक्सिजन दिला जाई. गरीब रुग्णालयांना तो परवडत नसे. आंधळी झाली ती मुख्यतः श्रीमंत रुग्णालयांतली बाळं, जगभरात सुमारे दहा हजार. 1953-54 च्या चाचणीने ऑक्सिजनचा संबंध पक्का केला. मग लंबक इतका दुसरीकडे गेला की ऑक्सिजनअभावी बाळं मरू लागली, आणि रक्तातल्या ऑक्सिजनची नेमकी पातळी ठरवायला या शतकातल्या चाचण्या लागल्या: 91 ते 95 टक्के ठेवली तर मृत्यू कमी, 85 ते 89 ठेवली तर डोळे बचावतात पण जीव अधिक जातात. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात अतिदक्षता कक्ष उभे राहिले, ही सेवाविस्ताराची मोठी कामगिरी. पण हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर नाही, भिंतीतल्या नळीतून शंभर टक्के ऑक्सिजन, ऑक्सिजन जास्त झाल्यावर वाजणारी मॉनिटरची घंटा बंद केलेली, असं जिथे झालं तिथे वाचलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर घाला पडला. पाश्चात्त्य निकषाने दीड किलोखालच्या बाळांचे डोळे तपासले असते तर आपली कितीतरी बाळं सुटली असती, कारण भारतात त्याहून वजनदार बाळंही आंधळी होतात. हे भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदी ठेवल्या म्हणून कळलं. आपला निकष म्हणूनच वेगळा आहे: दोन किलोपेक्षा कमी वजन किंवा 34 आठवड्यांपेक्षा कमी दिवस, आणि पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत. आयात केलेलं ‘ठाऊक असलेलं’ ज्ञान इथे किती डोळे घेऊन गेलं असतं?

कांगारू पद्धतीचंही तसंच. 1978 पासून बोगोटामध्ये आईच्या छातीशी बाळ ठेवत आले, पण नियम असा की आधी बाळ काचेच्या पेटीत स्थिर होऊ द्या. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांनी 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मताच आईजवळ दिलं. 2021 च्या निकालात 28 दिवसांतले मृत्यू 15.7 वरून 12 टक्के झाले. आजारी बाळाशेजारी आईचा पलंग ठेवण्याइतकी जागा कक्षात असावी, ही आता आर्किटेक्टलाही सांगायची गोष्ट झाली.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. संशोधन गरीब बायकांवर होतं आणि त्यांना विचारलं जात नाही. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदरा इथे मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची, लस देण्याच्या प्रकल्पात अनेक मुलींसाठी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या गेल्या. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण त्याने संमतीचा दोष धुतला जात नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जी चाचणी झाली, तिने एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे 2009 मध्ये जगाला सांगितलं. पण तुलनेच्या गटातल्या हजारो स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर झालेली टीका अजून शमलेली नाही. मला ती टीका बऱ्याच अंशी पटते. पण तिच्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? न तपासता सगळ्यांवर एकदम राबवलेली योजनाही प्रयोगच असते; फक्त त्यात संमतीपत्र नसतं, नैतिक समिती नसते आणि मेलेल्यांचा हिशोबही नसतो. ‘ॲक्ट’ चाचणी झाली नसती तर हजारामागे ते साडेतीन जादा मृत्यू कुणाच्या लक्षात आले असते? एवढे मृत्यू एका गावात दिसत नाहीत, एका तालुक्यातही नाहीत. तेव्हा मागणी करायची ती चांगल्या संशोधनाची: तुलनेच्या गटाला तेव्हा उपलब्ध असलेली सर्वोत्तम सेवा, निकाल लागताच त्यांनाही नवा उपाय, 2009 पासून सक्तीची असलेली सार्वजनिक नोंदणी, आणि निष्कर्ष आधी गावात येऊन मराठीत, गोंडीत, कोरकूत सांगणं.

‘गरोदर बाईवर प्रयोग नकोच’ ही भूमिका दयाळू वाटते. थॅलिडोमाइडचा दाखला नेहमी याच बाजूने दिला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं ते औषध गरोदरपणात नीट न तपासता दिलं गेलं आणि दहा हजारांवर मुलं हातापायांत गंभीर व्यंग घेऊन जन्मली. 2021 च्या जानेवारीत आपल्याकडे कोविड लसीकरण सुरू झालं तेव्हा चाचण्यांत गरोदर स्त्रिया घेतलेल्याच नव्हत्या, म्हणून त्यांना लसही नव्हती. परवानगी आली जुलैमध्ये. दुसरी लाट एप्रिल-मे मधली.

आणि काही प्रश्नांना तर अजून उत्तरच नाही. गडचिरोली, नंदुरबार, अमरावतीच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. या आजाराची बाई गरोदर राहिली की वेदनांचे झटके, तीव्र रक्तक्षय, रक्तदाब आणि कमी वजनाचं बाळ, सगळ्यांचा धोका वाढतो. तिचं नेहमीचं औषध हायड्रॉक्सीयुरिया, ते गरोदरपणात बंद करायला सांगतात, कारण प्राण्यांमध्ये गर्भाला अपाय दिसला आहे आणि माणसांतली माहिती अपुरी आहे. त्याऐवजी नियमित रक्त चढवत राहायचं की गरज पडल्यावरच, यावर निर्णायक मोठ्या चाचण्या नाहीत. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण आपल्याकडचा सिकलसेलचा जनुकीय प्रकार वेगळा आहे, आणि तो सौम्य असतो ही समजूत विदर्भातल्या नोंदींनी खोटी ठरवली आहे. हा अभ्यास करायला महागडी प्रयोगशाळा लागणार नाही. चार-पाच जिल्हा रुग्णालयं, पहिल्या तिमाहीतच प्रत्येक गरोदर बाईची सिकलसेल तपासणी, रक्ताच्या पिशव्यांचा भरवशाचा पुरवठा, आणि बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत नोंद ठेवणारी, पगार वेळेवर मिळणारी एक सिस्टर प्रत्येक ठिकाणी.